आज्जी वाचेल म्हणून!

गेल्या उन्हाळ्यात भावाचा बेळगावहून फोन आला. "ताई, असशील तशी निघ. पोरीच्या कपाटात घाण सापडल्या." घाण म्हणजे काय, हे फोनवर सांगायला तो तयार नव्हता. मी निपाणीहून एस.टी. धरली आणि दुपारी पोचले. सोप्यात सगळे गप्प बसलेले. मध्ये टीपॉयवर स्पायरल केलेले एक झेरॉक्सचे पुस्तक. दीडशेच्या आसपास पाने, वर चांदण्यांचे आणि अवकाशयानाचे चित्र. भाऊ म्हणाला, "तू जन्मभर मराठी शिकवलंस. वाच आणि काय ते सांग. नाहीतर उद्या सकाळी बंबात घालतो."

मी दोन रात्री ते पुस्तक वाचले. नऊ कथा होत्या. लिहिणाऱ्या चौघीजणी, चौघीही पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या, बावीस-तेविशीच्या. कथांतली पात्रे त्यांनी निर्माण केलेली नव्हती. ती होती एका परदेशी अंतराळमालिकेतली. मालिकेत ही माणसे यान चालवतात, शत्रूशी लढतात, ग्रह वाचवतात. या कथांत ती एकमेकांच्या प्रेमात पडतात, आणि प्रेमात पडलेली माणसे जे जे करतात ते सर्व करतात. चौघींनी पैसे काढून पंधरा प्रती झेरॉक्स केल्या आणि मैत्रिणींना वाटल्या. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते की अठरा वर्षांखालच्या कोणाच्याही हाती ही प्रत देऊ नये.

मराठीची शिक्षिका म्हणून माझा निकाल असा : नऊपैकी दोन कथा खरोखर चांगल्या, चार बऱ्या, तीन टाकाऊ. आपल्या दिवाळी अंकांचे दरवर्षी परीक्षण करणाऱ्या मंडळींनीच सांगावे, हे प्रमाण वाईट आहे काय?

मला धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. दीडशे पानांत मराठीचा एक शब्द नव्हता. चौघींपैकी दोघी मराठी घरातल्या, एक कन्नड, एक उर्दू बोलणारी. चौघींनाही मराठी कळते, तिघींना कन्नड चांगले येते. सगळे लिखाण इंग्रजीत. मी भाचीला विचारले, "अगं, मराठीत का नाही लिहिलंस?" ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, इंग्रजीत लिहिलं तर घरात कुणी वाचत नाही. मराठीत लिहिलं तर आज्जी वाचेल."

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

•

प्रथम हे लिखाण आहे तरी काय, ते पाहू. कारण आमच्या घरात त्या दिवशी अशी समजूत होती की हे खूळ मोबाइलबरोबर आले. तसे नाही. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ च्या सप्टेंबरात सुरू झाली. त्याच साली इकडे आपल्या सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला. पुढे १९८० च्या दशकात ही मालिका आपल्या दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागत असे. टोकदार कानांचा, भावना आवरून धरणारा स्पॉक आणि धडाडीचा कॅप्टन कर्क आज पन्नाशी-साठीत असलेल्या पुष्कळांना आठवत असतील.

मालिका सुरू झाल्यावर वर्षभरातच, १९६७ मध्ये, 'स्पॉकनॅलिया' नावाचे चाहत्यांचे नियतकालिक निघाले. पुढे अशी कितीतरी निघाली. सायक्लोस्टाइलवर काढायची, हाताने टाचायची, छपाईचा खर्च निघेल एवढी किंमत ठेवायची आणि संमेलनात किंवा टपालाने विकायची. लिहिणाऱ्या, संपादन करणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या बहुतेक स्त्रिया. याच चाहत्यांनी १९६८ मध्ये हजारो पत्रे पाठवून बंद पडणारी मालिका आणखी एक वर्ष चालू ठेवायला लावली. या बायका रिकामटेकड्या नव्हत्या, हे यावरून ध्यानात यावे.

१९६७ मध्येच 'अमॉक टाइम' नावाचा एक भाग लागला. तो थिओडोर स्टर्जन या नामवंत विज्ञानकथाकाराने लिहिला होता. स्पॉकच्या जमातीत ठराविक वर्षांनी मीलनाची अनावर ओढ उत्पन्न होते आणि ती पुरी न झाल्यास मृत्यू ओढवतो, अशी त्यातली कल्पना. मालिकेने हे दार थोडे उघडले आणि लगेच लावून घेतले. वाचक स्त्रियांनी ते पुन्हा उघडले. १९७४ मध्ये 'ग्रप' नावाच्या प्रौढांसाठीच्या अंकात ऑस्ट्रेलियातील डायअॅन मर्चंट यांची एक लहानशी कथा आली. कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमाची ही पहिली छापील कथा मानली जाते. पण कथेत कोणाचेही नाव घेतलेले नव्हते. त्या बाईंनाही तिकडे कोणीतरी 'आज्जी' असावीच! १९७० चे दशक संपेपर्यंत अशा कथांची स्वतंत्र पुस्तके आणि संग्रह निघू लागले. दोन नावांच्या मध्ये जी तिरकी रेघ काढत, तिच्यावरूनच या प्रकाराला 'स्लॅश' हे नाव पडले. पुस्तक मागवताना आपण सज्ञान असल्याचे सहीनिशी लिहून द्यावे लागे. माझ्या भाचीच्या पुस्तकातली पहिल्या पानावरची सूचना ही अशी पन्नास वर्षांच्या जुन्या शिस्तीतून आलेली आहे.

दोन पुरुषांचेच प्रेम का, असे आमच्या वहिनीने कपाळाला हात लावून विचारले. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जोआना रस या विज्ञानकथा-लेखिकेने १९८५ मध्ये एका निबंधात शोधले आहे. त्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ मी माझ्या शब्दांत सांगते. १९६० च्या दशकातल्या पडद्यावर स्त्रीला बरोबरीचे काम नव्हते. आखूड झगा घालून संदेश ऐकायचा, नाहीतर संकटात सापडायचे. बरोबरीच्या दोन जिवांचे प्रेम लिहायचे तर तशी दोन माणसे त्या यानावर पुरुषच होती. बायकांनी ती घेतली आणि त्यांच्या तोंडी आपले मन घातले. १९९२ मध्ये या लिखाणावर कॅमिल बेकन-स्मिथ आणि हेन्री जेन्किन्स या दोन अभ्यासकांचे ग्रंथ आले. आज अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात असली टाचलेली नियतकालिके जतन करून ठेवलेली आहेत. तिकडे विद्यापीठ जे जपून ठेवते, ते आमच्याकडे बंबात जायला निघाले होते.

•

"हे आपल्या संस्कृतीत बसत नाही." भावाचे हे वाक्य ऐकून मी त्याला विचारले, "तुझ्या थोरल्या मुलीचं लग्न जमेना तेव्हा आईने तिला काय वाचायला बसवलं होतं?" तो गप्प बसला. रुक्मिणी स्वयंवर! एकनाथांची ही रचना पिढ्यान् पिढ्या लग्नाच्या मुलींनी आपल्या घरांत वाचली. रुक्मिणी एकनाथांनी निर्माण केली काय? नाही, ती भागवतातली. एकनाथांच्या आधी महानुभाव कवी नरेंद्राने तेच आख्यान लिहिले होते. रघुनाथ पंडितांनी महाभारतातले नल-दमयंती घेतले. गवळणी रचणाऱ्या संतांनी राधा आणि कृष्ण घेतले. आधीच्याची पात्रे उचलावी, मूळ कथेत ज्या जागा मोकळ्या राहिल्या तिथे आपला जीव ओतावा, ही आख्यानकवींची रीतच होती. 'दुसऱ्याची पात्रे चोरली' हा आक्षेप घेणाऱ्यांनी आधी मोरोपंतांवर खटला भरावा. आजच्या कायद्यात मालकी हक्क आहे, तो मी नाकारत नाही. कोणी हे पुस्तक छापून बाजारात विकू लागला तर मालकाने जरूर जाब विचारावा. पंधरा झेरॉक्स प्रतींनी कोणाचे दिवाळे निघत नाही.

आणि शृंगाराचे म्हणाल, तर आपल्या भाषेच्या आजीचे, महाराष्ट्री प्राकृताचे, सर्वांत नावाजलेले पुस्तक म्हणजे हालाची गाथासप्तशती. सातशे गाथा, आणि त्यांतल्या कितीतरी स्त्रीच्या तोंडी. नवऱ्याची वाट पाहणारी, परपुरुषाला खुणावणारी, सखीपाशी रात्रीची गोष्ट सांगणारी. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये तिची मोठी मराठी आवृत्ती सिद्ध केली. त्या ग्रंथाचा आपण सभांतून अभिमानाने उल्लेख करतो. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून भांडताना याच सातशे गाथांचा दाखला पुढे केला गेला, आणि २०२४ मध्ये तो दर्जा मिळाला. आता घरातल्या पोरीने तेच केले तर बंब पेटवायचा, हा कुठला न्याय?

ज्या प्रकारच्या अंकात तुम्ही हे वाचत आहात, त्या दिवाळी अंकाचाच एक जुना खटला आठवतो. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कादंबरी आली. एका शिक्षक-कवीच्या आयुष्यात आलेल्या स्त्रियांची ती कहाणी. पुण्यात फिर्याद झाली. तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने लेखक आणि प्रकाशक यांना दोषी धरून प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला आणि त्यांच्याकडे असतील त्या प्रती नष्ट करायला सांगितले. काकोडकर पंचवीस रुपये भरून मोकळे होऊ शकले असते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ ऑगस्ट १९६९ रोजी सुटले. न्यायालयाच्या निकालाचा आशय असा की नुसता कामवासनेचा उल्लेख म्हणजे अश्लीलता नव्हे. तसे धरले तर तरुणांना धर्मग्रंथांखेरीज वाचायला काही उरणार नाही. त्यापूर्वी र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढले होते आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. म्हणजे मराठीत हे भांडण कोणी केलेच नाही, असे नाही. मोठमोठ्यांनी केले, शिक्षा सोसून केले. त्यांनी जे मिळवून ठेवले ते आपण वापरत नाही, एवढेच.

•

आता ज्या शंका खऱ्या आहेत त्यांना उत्तर देते.

लहान मुलांच्या हाती पडले तर? पडू नये. त्यासाठी पुस्तकावर सूचना हवी, कपाटाला कुलूप हवे आणि घरात बोलणे हवे. या चौघींनी यांतली पहिली गोष्ट केली होती. कुलूपही होते, ते उघडले आमच्या भावाने.

या कथांत जबरदस्तीला प्रेम म्हणून रंगवले जाते, हे चांगले काय? मुळीच नव्हे. माझ्या भाचीच्या संग्रहातल्या एका कथेत ते होते, आणि मी तिला तोंडावर सांगितले की ही कथा वाईट आहे, नुसती उत्तान आहे म्हणून नव्हे, तर खोटी आहे म्हणून. ती दोन दिवस रुसली, मग तिने कथा पुन्हा लिहायला घेतली. वाईट लिखाणावरचा उपाय टीका हा आहे. जळलेल्या पुस्तकावर टीका करता येत नाही.

बहुतेक लिखाण टाकाऊ असते, हे खरे ना? खरे. ज्या स्टर्जनने तो 'अमॉक टाइम' लिहिला, त्याचेच मत प्रसिद्ध आहे की कुठल्याही क्षेत्रातले नव्वद टक्के रद्दीच असते. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी नव्वद सोसावे लागतात. आपण साहित्य संमेलने तशीच सोसतो.

आणि कायदा? भारतीय दंड विधानाचे २९२ कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २९४ कलम आले. कलम आहे, ते राहील. पण सर्वोच्च न्यायालयानेच २०१४ मध्ये असे ठरवले की लिखाण वा चित्र आजच्या समाजाच्या नजरेने आणि समग्र पाहावे. सुटे पान उघडून नव्हे. भावाने नेमके सुटे पानच उघडले होते.

•

पण माझे खरे भांडण भावाशी नाही. ते आपल्याशी, सीमाभागातल्या मराठी माणसांशी आहे.

१ नोव्हेंबर १९५६ पासून आपण भांडतो आहोत. पाट्यांसाठी, सात-बाराच्या उताऱ्यासाठी, शाळेसाठी, सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून. १९४६ मध्ये बेळगावच्याच साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मी स्वतः मोर्चात चालले आहे आणि पुन्हा चालेन. पण मला एक सांगा : आपल्या मराठीत आपण पाटी मागतो, उतारा मागतो, मग प्रेमपत्र का मागत नाही? जी भाषा तहसील कचेरीत चालावी म्हणून आपण लाठ्या खाल्ल्या, ती आपल्या मुलींच्या वहीत चालत नाही, याचे आपल्याला काहीच वाटत नाही.

भाचीने बोलता बोलता एक पान माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "हे मराठीत करून दाखव." मी पस्तीस वर्षे व्याकरण शिकवले. एका पानाला मला दोन तास लागले आणि पान पुरे झाले नाही. शरीराला, स्पर्शाला, त्या वेळच्या साध्या बोलण्याला शब्दच सापडेनात. होते ते एक तर डॉक्टरी संस्कृत, नाहीतर स्टँडवरच्या शिव्या. 'संभोग' म्हणावे तर आरोग्य खात्याचे पत्रक वाटते, आणि दुसरा शब्द लिहावा तर हात धजत नाही. मधले शब्द गेले कुठे? लावणीत होते, ओवीत होते, जात्यावर होते. आपण ते 'चांगल्या घरातले नव्हेत' म्हणून बाहेर काढले, आणि आता पोरींना ते ठाऊकच नाहीत. शब्द वापरला नाही की गंजतो. त्यासाठी कोणा सरकारने मराठीवर अन्याय करावा लागत नाही.

या एका बाबतीत बेळगावात सीमावाद अजिबात नाही, हेही सांगते. त्या कन्नड मैत्रिणीच्या घरी हेच पुस्तक सापडले असते तर हाच फोन झाला असता, फक्त कन्नडमधून. ज्या कन्नडमध्ये त्रिवेणीसारख्या लेखिकेने स्त्रीच्या मनाच्या कादंबऱ्या लिहिल्या, जिच्या 'शरपंजर'वर १९७१ मध्ये पुट्टण्णा कणगालांनी चित्रपट काढला, त्या भाषेतल्या मुलीलाही आपल्या भाषेत प्रेम लिहिण्याची चोरी वाटते. मराठी आणि कन्नड आईबाप रस्त्यावर पाट्यांसाठी भांडतात. त्यांच्या मुली घरात एकमेकींना खुशाल प्रेमकथा वाचून दाखवतात, पण तिसऱ्याच भाषेत. या भांडणात जिंकले कोण?

आणि हे या मातीत होते, याचे जास्त दुःख. याच बेळगावात इंदिरा संतांनी 'शेला' आणि 'मेंदी'तल्या कविता लिहिल्या, आणि एका स्त्रीचा विरह मराठीत इतक्या उघडपणे बोलता येतो हे महाराष्ट्राला दाखवले. याच निपाणीत महादेव मोरे पिठाच्या गिरणीत बसून ड्रायव्हर, मेस्त्री, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांची बोली छापील पानावर आणत राहिले, ते २०२४ मध्ये जाईपर्यंत. त्या दोघांनी कोणाची परवानगी घेतली नव्हती. आपल्या गावात काय बोलले जाते आणि काय मनात राहते, तेच त्यांनी लिहिले. उद्याची इंदिरा संत कदाचित अंतराळयानातल्या डॉक्टरणीच्या तोंडून बोलेल. तिला सांगायचे काय, की बाई, इंग्रजीत जा?

•

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सीमाभागातल्या दिवाळी अंकांनी दरवर्षी सोळा पाने अशा नवख्या लेखिकांसाठी ठेवावीत. प्रौढांसाठीचे लिखाण असेल तर तसे वर छापावे, टोपणनाव हवे असेल तर द्यावे. जयंत नारळीकरांनीही आपली पहिली विज्ञानकथा १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' या नावाने स्पर्धेला पाठवली होती. टोपणनावात कमीपणा काही नाही. आपल्या वाचनालयांनी प्रौढ वाचकांसाठी एक कपाट ठेवावे आणि त्यात हातलिखिते, झेरॉक्स संग्रहही ठेवावेत. आणि आईबापांनी, आत्या-मावश्यांनी, सज्ञान मुलीच्या वहीला हात लावण्याआधी तिला विचारावे. तिने दाखवली तर वाचावी. आवडली नाही तर तसे सांगावे.

पुस्तक बंबात गेले नाही. ते माझ्याकडे निपाणीला आहे. परतायच्या आदल्या रात्री आमच्या आईने, म्हणजे त्या आज्जीनेच, मला विचारले, "काय लिहिलंय गं पोरीनं एवढं?" मी म्हटले, "प्रेमाच्या गोष्टी आहेत, आई. आकाशातल्या." ती म्हणाली, "मग मला वाचून दाखवायला काय झालं होतं? तुमच्या लग्नाआधी मी काय कमी वाचलंय?"

भाची आता त्यातली एक कथा मराठीत लिहिते आहे. अडलेल्या शब्दांची यादी तिने आज्जीपुढे ठेवली आहे आणि आज्जी हसत हसत जात्यावरचे शब्द सांगते आहे. कथा पुरी झाली की मी ती या अंकाच्या संपादकांकडे पाठवणार आहे. त्यांनी माझा हा लेख छापला, त्याबद्दल आभार. लेख छापणे सोपे असते. कथा छापतात का, ते पुढच्या दिवाळीला पाहू.